नारळ फोडून चालू केलेला सर्व्हर

"बेस" हा शब्द कोणी उच्चारला की आजही माझं डोकं फिरतं. त्या बेसपायी माझ्या ताईची नोकरी गेली. तो बेस मीच बनवला होता, आणि बरा बनवला होता. त्याचं वाटोळं कोणी केलं, ते मला लिहायचं आहे. इतकी वर्षं सांगून राहिली, पण ऐकणारे अर्ध्यातच "अच्छा, टेक्निकल प्रॉब्लेम था" म्हणून मोकळे होतात. टेक्निकल बिक्निकल काही नव्हतं.

सिविल लाइंसमध्ये एका जुन्या बंगल्याच्या मागच्या खोल्यांत आमची कंपनी होती. कंपनी कसली, एक मालक आणि आम्ही बोटावर मोजण्याइतकी माणसं. मालकांना सगळे भैया म्हणायचे, मीही म्हणायची. जबलपुरात शिवी द्यायची असली तरी आधी भैया म्हणतात. शाळा, दवाखाने, कोचिंग क्लास यांच्या साइट आणि अ‍ॅप आम्ही बनवायचो. लोकांना दिसतो तो भाग बाकीचे करायचे, मागचा मी. म्हणजे तुम्ही फोनवर बटण दाबलं की विचारणा जिथे जाते, तुम्ही कोण आणि तुम्हाला काय दाखवायचं हे जिथे ठरतं, आणि जिथून उत्तर येतं, तो भाग. तो दिसत नाही, म्हणून त्याची कोणाला पर्वाही नसते.

मी लागली तेव्हा तिथली पद्धत ऐका. नवीन गिऱ्हाईक आलं की मागच्या गिऱ्हाइकाचा अख्खा फोल्डर उचलायचा, नाव बदलायचं, नको ते खोडायचं. खोडताना निम्मं तसंच राहायचं. एका कोचिंग क्लासच्या पोरांना "आपका ऑर्डर रास्ते में है" असा मेसेज गेला, कारण त्याआधीचं काम मिठाईवाल्याचं होतं. भैया पोट धरून हसले. मला काही हसू आलं नाही, कारण पोरांच्या बापांचे फोन मला येत होते.

शेवटी मीच म्हटलं, भैया, एक कोरा सांगाडा, म्हणजे बेस, बनवून ठेवू. दरवेळी लागतं तेवढंच त्यात ठेवू, आणि नवीन काम आलं की तिथून सुरुवात करू. "बनाओ, बनाओ," ते म्हणाले, जणू मी चहा मांडायला निघाली होती. मी मन लावून बनवला. लॉगिन, डेटाबेसची जोडणी, कोणाला काय दिसावं याचे नियम, चुका नोंदवायची जागा. एक पत्ता असा ठेवला की त्यावर विचारलं तर सर्व्हर फक्त "चालू आहे" एवढंच सांगेल. गिऱ्हाइकागणिक बदलतं ते सगळं एका वेगळ्या फाइलीत काढलं, आणि त्या फाइलीचा एक रिकामा नमुना सोबत ठेवला. त्या नमुन्यात सगळ्यात महत्त्वाची रिकामी जागा होती गुप्त चावीची.

ही चावी काय असते, ते बाबांनी मला लहानपणीच शिकवलं होतं, त्यांना स्वतःला माहीत नसताना. बाबा रांझीला फॅक्टरीत होते, आम्ही तिथल्याच क्वार्टरात वाढलो. बाजारातल्या सायकल स्टँडवर सायकल लावली की स्टँडवाला पत्र्याचा एक बिल्ला द्यायचा. त्यावर आकडा आणि त्याचा स्वतःचा ठोकलेला शिक्का. परत आलं की तो बिल्ल्यावरचा शिक्का पाहायचा, तोंड पाहायचा नाही, आणि त्या आकड्याची सायकल काढून द्यायचा. लॉगिन म्हणजे हेच. तुम्ही एकदा पासवर्ड टाकला की सर्व्हर तुम्हाला बिल्ला देतो. त्यावर तुमचा आकडा, आणि चावीनं ठोकलेला शिक्का. पुढे दर वेळी फक्त बिल्ला पाहतो.

आता दोन स्टँडांचा शिक्का एकच असला तर काय होईल? इकडचा सात नंबरचा बिल्ला तुम्ही तिकडे दाखवाल आणि तिकडची सात नंबरची सायकल घेऊन याल, मग ती कोणाच्याही बापाची असो. बस, एवढंच आहे. याहून अवघड त्यात काहीही नाही. हे भैयांना समजलं नव्हतं असं मी मरेपर्यंत मानणार नाही, कारण मी त्यांना हाच सायकल स्टँड सांगितला होता, आणि ते मान हलवून "वाह, क्या समझाया" म्हणाले होते.

म्हणून मी काय केलं, तर चावीची जागा रिकामी असली की सर्व्हर चालूच होणार नाही, अशी सोय केली. लाल अक्षरात येईल, चावी टाका. दर गिऱ्हाइकाची नवी चावी, दर स्टँडचा नवा शिक्का. आणि नेमकं हेच भैयांच्या डोळ्यांत खुपलं.

कारण आमच्याकडे नवी साइट नुसती चालू व्हायची नाही, तिचा मुहूर्त असायचा. गिऱ्हाईक सहकुटुंब यायचं. लॅपटॉपला हळदकुंकू, हार, समोर अगरबत्ती. भैया नारळ फोडायचे आणि स्वतःच्या हातानं सर्व्हर चालू करायचे, भिंतीवर मोठ्या पडद्यावर साइट उघडायची, टाळ्या. मला त्याचा राग नव्हता. आम्ही बौद्ध, आमच्या घरी मुहूर्त पाहत नाहीत. आईबाबांचं लग्न रविवारी लागलं, कारण बाबांना त्या दिवशी सुट्टी होती. पण ज्याचं त्याच्यापाशी. प्रसादाचं खोबरं मीही आवडीनं खायची.

माझ्या बेसवर उभ्या केलेल्या पहिल्या साइटचा मुहूर्त आला. चावी टाकून ठेवा म्हणून मी आदल्या दिवशी सांगितलं होतं, ते विसरले. नारळ फुटला, बटण दाबलं, आणि भिंतीवर भलं मोठं लाल अक्षर. गिऱ्हाइकाची आई "हे राम" म्हणाली. भैयांचे कान तापले. लोक गेल्यावर मला केबिनमध्ये बोलावलं. "पहले ही दिन लाल! अपशकुन करवा दिया तुमने."

मी म्हटलं, "भैया, तो बिगडला नाही. चावी नव्हती म्हणून थांबला. थांबायलाच बनवला आहे त्याला."

त्यांनी माझ्यासमोर माझा बेस उघडला. नमुन्याच्या फाइलीत, त्या रिकाम्या जागेत, आपल्या कुलदेवीचं नाव टाकलं आणि पुढे एकशे आठ. "शुभ है. अब कभी नहीं रुकेगा. इसको कोई हाथ मत लगाना." आणि खरंच, त्यानंतर तो कधी थांबला नाही. पुढची प्रत्येक साइट तोच शिक्का घेऊन जन्माला आली. त्यात भर म्हणजे सगळ्या साइट आमच्या कंपनीच्याच पत्त्याखाली उघडायच्या, कारण भैयांना प्रत्येक ठिकाणी आपलं नाव दिसायला हवं होतं. त्यामुळे एका साइटवर मिळालेला बिल्ला फोन आपण होऊनच दुसऱ्या साइटला दाखवायचा. कोणाला चोरी करायची गरजच नव्हती.

मी गप्प बसली नाही, हे लिहून ठेवते. दर नव्या कामाला मी तोंड उघडलं. सर्व्हरचा पासवर्ड एकट्या भैयांपाशी, त्यामुळे परस्पर बदलायची सोय नव्हती. एकदा ते वैतागून म्हणाले, "देखो, तुम लोग ये सब मानते नहीं, ठीक है. पर बाकी लोग तो मानते हैं ना?"

तुम लोग! मी चावीबद्दल बोलत होती आणि हा माणूस माझी जात काढत होता, तेही गोड आवाजात, चहाचा कप पुढे सरकवत. त्या दिवशी घरी येऊन मी भांडी अशी घासली की आई म्हणाली, "काहून भांडे फोडून राहिली वं? कोन काय म्हटलं?" मी पुढचं पातेलं ओढलं. बाबांना कळलं असतं तर ते सायकल काढून सिविल लाइंसला गेले असते.

आता ताईचं सांगते. ताई माझ्याहून मोठी, एका खाजगी शाळेत अगदी लहान मुलांना शिकवायची. कॉलेजात असताना तिला फिट यायला लागल्या. नसांच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्या बंद झाल्या, पण गोळ्या सोडायच्या नव्हत्या. घराबाहेर हे कोणालाही माहीत नव्हतं. कारण मिर्गी हा शब्द निघाला की माणसं हुंगवायला चप्पल शोधायला लागतात, आमच्या क्वार्टरातच आम्ही पाहिलं होतं. शाळेत तिचं चांगलं चाललं होतं, त्या वर्षी तिला पक्कं करणार होते. पोरं तिच्या ओढणीला लोंबकळायची. घरी येऊन ती एकेकाची नक्कल करून दाखवायची आणि बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे.

त्याच डॉक्टरांच्या क्लिनिकचं काम आमच्याकडे आलं. उद्घाटनापासून नंबर साइटवरच लावायचा, रिपोर्ट आणि गोळ्या तिथेच पाहायच्या. ताई फोन हातात घेऊन बसून राहिली होती. तिनं विचारलं, "हे कोनाले दिसते का वं?"

"तुला आणि डॉक्टरांना," मी म्हटलं. "चावीचं मी पुन्हा सांगते भैयांना."

"मागचं तूच बनवलं ना?"

"हो."

"मंग झालं तर," ती म्हणाली आणि तिनं नाव टाकलं. पहिल्याच दिवशी टाकलं, म्हणून तिचा आकडा अगदी सुरुवातीचा होता. भैयांना मी त्या आठवड्यात पुन्हा सांगितलं. दवाखाना आहे भैया, मिठाईचं दुकान नाही. "टेंशन मत लो," म्हणाले.

ताईच्या शाळेची फीची साइटही आमचीच. तिथे आधी स्टाफ चढवला होता, मग पोरं. म्हणजे सुरुवातीचे आकडे स्टाफचे. तिथला फी घेणारा बाबू दिवसभर फोनवर ती साइट उघडून बसायचा. त्याला कधीपासून चक्कर येत होती, म्हणून त्यानं एक दिवस शाळेतूनच नंबर लावायला क्लिनिकची साइट उघडली. फोननं शाळेचा बिल्ला दाखवला. शिक्का तोच. शाळेतला त्याचा आकडा आणि क्लिनिकमधला ताईचा आकडा एकच निघाला. त्याला कोणी नावही विचारलं नाही, त्याच्यासमोर सरळ ताईचं पान उघडलं: नाव, आजार, गोळ्या, मागच्या फिटची माहिती. त्यानं काय करावं? पान बंद करावं की नाही? त्यानं स्टाफरूममध्ये नेऊन दाखवलं.

ताई दुपारीच घरी आली. पर्स खुंटीला लावली, हातपाय धुतले आणि म्हणाली, "प्रिन्सिपल मॅडमनं आराम करा म्हटलं." किती दिवस, असं आईनं विचारलं. "आता आरामच," ताई म्हणाली. मग तिनं बाबूचं सांगितलं. तो कसा फोन फिरवत होता आणि ती आत गेल्यावर सगळे कसे आपापल्या डब्यात पाहायला लागले. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. एकदा ओरडली असती तर बरं झालं असतं.

मला शोधायला काही वेळ लागला नाही. शाळेच्या साइटवर टेस्टच्या नावानं आत गेली, क्लिनिकची उघडली, आणि मी कोण्या अनोळखी बाईच्या पानावर उभी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच केबिनमध्ये घुसली आणि लॅपटॉप भैयांच्या पुढ्यात ठेवला.

पाहून त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला? "किसी को बताया तो नहीं?"

मी म्हटलं, चावी आत्ता बदला. सगळे बाहेर फेकले जातील, पुन्हा पासवर्ड टाकतील, जास्तीत जास्त चार लोक कुरकुर करतील. मग शाळेला आणि क्लिनिकला सांगा की आपल्यामुळे हे झालं. भैयांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. खरंच पाहिलं. "आज अमावस्या है," ते म्हणाले. "आज कुछ नहीं छेड़ना. परसों बदल देंगे. कोई पूछे तो बोलना हैक हुआ है."

"भैया, लोकांचे आजार उघडे पडलेत!"

"तुम्हारी दीदी का मामला है, इसलिए इतना भड़क रही हो."

हो, भडकली होती! ताईचं होतं म्हणून भडकली होती, आणि ती अनोळखी बाईही कोणाची तरी ताई असेल म्हणून भडकली होती. मी तिथेच उभी राहून क्लिनिकच्या डॉक्टरांना फोन लावला, स्पीकरवर. सांगितलं, सर, तुमची साइट बंद करवा, कोणीही कोणाचंही पान पाहून राहिला आहे. डॉक्टरांनी भैयांना जे सुनावलं ते त्यांनी उभ्यानं ऐकलं. फोन ठेवला आणि अमावस्येला, त्याच खुर्चीत बसून, मुकाट्यानं चावी बदलली. चार अक्षरं टाइप करायला लागतो तेवढाच वेळ लागला.

मग मला म्हणाले, घरची गोष्ट तू बाहेर नेलीस, उद्यापासून येऊ नको. मी म्हटलं, उद्याची वाट कशाला, मी आत्ताच चालली.

दुसऱ्या दिवशी मी ताईला घेऊन शाळेत गेली. ती यायला तयार नव्हती, मीच ओढत नेलं. मला वाटलं, चूक कोणाची ते मॅडमना नीट समजावलं की झालं. मी सगळं सांगितलं, सायकल स्टँडसकट. मॅडमनी शांतपणे ऐकलं, पाणीही मागवलं. मग म्हणाल्या, "गलती आपकी कंपनी की है, मान लिया. बाबू को मैं डाँट दूँगी. लेकिन बात तो झूठी नहीं है ना?"

 मी म्हटलं, गोळ्या चालू आहेत, इतक्या वर्षांत वर्गात काही झालं का, तुम्हीच सांगा. "नहीं हुआ," त्या म्हणाल्या. "पर अब सबको पता है. पेरेंट्स को मैं क्या बोलूँ?" मी आवाज चढवला तेव्हा ताईनं माझी बाही ओढली. "चल वं." बाहेर तिच्या वर्गाची पोरं रांगेनं नळावर चालली होती. तिला पाहून भर दुपारी सगळी ओरडली, गुड मॉर्निंग मैम. ताईनं प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि फाटकाकडे निघाली. मी मागून.

मला दुसरं काम मिळालं, पुण्याच्या लोकांचं, घरून करते. आमच्या लाइनीत काम मिळतं. नवा बेस मी पुन्हा शून्यातून बनवला. चावी रिकामी असेल तर तो थांबतो, आणि चावी म्हणून ते कुलदेवीचं नाव टाकलं तरीही थांबतो, मुद्दाम लिहून ठेवलं आहे मी त्यात. माझ्याबरोबरचे विचारतात, हा कोणता शब्द आहे. मी म्हणते, राहू द्या, काढू नका.

ताईला कोणत्याच शाळेनं घेतलं नाही. जबलपूर लहान आहे, स्टाफरूमच्या गोष्टी शाळेशाळेत फिरतात. ती घरीच शिकवण्या घेते, आमच्या गल्लीतली मोजकी पोरं. इथल्या डॉक्टरांकडे जाणं तिनं बंद केलं. नागपूरला जाते, बसनं. मागच्या वेळी मी पहिल्यांदा तिच्यासोबत गेली. नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल मागे पडल्यावर ती पोरांच्या नकला करायला लागली, आणि मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

दवाखान्यात आम्ही बाकावर बसलो होतो. आतून कंपाउंडरनं नाव पुकारलं. माझं नाव, आडनावासकट. मी चमकून उठली. मला कोण ओळखतं इथे? ताईनं माझा हात धरून मला खाली बसवलं.

"बस. ते मी आहो," ती म्हणाली आणि पर्स घेऊन आत गेली.

ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "माझं नाव काहून दिलं वं?"

"कोनतं देऊ मंग?" ती चप्पल घालत म्हणाली. "तुह्याकडे थोडीच कोनी आपले पोरं पाठवते."

रागावून नव्हती बोलली. साधं सांगितलं, भाजी कोणती आणायची ते सांगावं तसं. माझा राग मात्र उसळला, भैयांवरचा, बाबूवरचा, मॅडमवरचा, सगळा, आणि तिथे ओरडायला यांच्यातलं कोणी नव्हतं. खाली मेडिकलवर मी चिठ्ठी पुढे केली. दुकानदारानं बिल करताना विचारलं, पेशंटचं नाव काय.

मी माझं सांगितलं.